आत्या बसली की गाडी अडते

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं माझी जी फजिती झाली ती नेमकी त्यामुळंच झाली. दुसरा कुणी असता तर त्यानं गाडी दुरुस्तीला टाकली असती, दुरुस्त झाली नसती तर शिव्या देत चालवली असती, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मला कारण हवं असतं. घरातला पंखा आवाज करायला लागला तरी मी आधी वही काढतो. बायकोच्या मते हा आजार आहे, आणि तो औषधानं बरा होणाऱ्यातला नाही.

राहायला मी बीडला. गाव पालीजवळ, धरणाच्या अंगाला. गावी थोरला भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी आणि आमची आत्या. आम्ही मूळचे मेंढरंवाले. भावानं आता शेतीत जास्त लक्ष घातलंय, पण पन्नासेक मेंढरं अजून आहेत आणि त्यांच्यामागं अजून आत्याच असते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, तेव्हा माहेरी आली ती कायमची. मला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. माझ्या वाटणीची मेंढरंसुद्धा ती राखायची आणि मी बाभळीखाली पुस्तक घेऊन बसायचो. मी आज फळ्यासमोर खडू घेऊन उभा राहतो तो तिच्या पायांच्या जोरावर, असं मी बऱ्याच ठिकाणी बोलतो. तिच्यासमोर कधी बोललो नाही.

गाडी मी जुनी घेतली. पांढरी, पेट्रोलवरची, दिसायला गरीब. सरळ रस्त्यावर ती गुणी होती. उजवीकडं वळतानाही गुणी. पण डावीकडं वळताना, ऐन वळणात ॲक्सिलरेटर दाबला की थबकायची. बंद पडायची नाही, नुसती थबकायची, दारात आलेला पाहुणा चप्पल इथं काढू की तिथं असा विचार करत उभा राहतो तशी. आणि मग एकदम पुढं उडी मारायची. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आत्याला डोळे दाखवायला बीडला घेऊन चाललो होतो. मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं जे शब्द वापरले ते आत्यानं ऐकले आणि मलाच विचारलं, "वळखीचा हाय का रं?"

स्टँडमागच्या गल्लीत माझा एक मेकॅनिक आहे. त्याच्या मुलाला मी दहावीला शिकवलं, म्हणून तो मला सर म्हणतो आणि माझ्या गाडीला हात लावण्याआधी हात धुतो. त्यानं गाडी एकट्यानं फिरवून आणली, चार डावी वळणं मारली आणि चावी माझ्या हातात दिली. "सर, गाडी लोण्यावानी पळायलीय. काय बी न्हाई हिला."

मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, न्हाई. मग माझ्या समाधानासाठी त्यानं प्लग बदलले, फिल्टर बदलला, इंजिनात हवा जाते तो भाग खोलून चकाचक केला. दर वेळी गाडी त्याच्याकडं लोणी, आणि रविवारी गावी आत्याला फिरवायला नेलं की पुन्हा तोच पाहुणा दारात. तिसऱ्या खेपेला त्यानं माझ्याकडं डॉक्टरच्या नजरेनं पाहिलं आणि विचारलं, "सर, गाडी अडते तवा गाडीत कोण कोण असतंय?"

प्रश्न साधा होता. पण तो माझ्या डोक्यात शिरला आणि मी वही काढली.

प्रयोगाला जागा हवी होती. सतत डावीकडं वळत राहता येईल अशी मोकळी जागा आमच्या गावात एकच, देवळाभोवतालचं पटांगण. रविवारी सकाळी मी गाडी तिथं नेली आणि देवळाला डावं ठेवून चकरा मारायला लागलो. तिसऱ्या चकरेला ओट्यावर बसलेल्या मंडळींचं बोलणं थांबलं. पाचव्या चकरेला एक म्हातारबा काठी टेकत आडवे आले. हे गावातलं सगळ्यात मोठं माणूस, यांना कुणी उलट बोलत नाही.

"मास्तर, कावून उलटं फिरायलाव?"

मग माझ्या लक्षात आलं. देवाला उजवं ठेवून फिरतात ती प्रदक्षिणा. मी भर रविवारी सगळ्या गावादेखत देवाला उलट्या प्रदक्षिणा घालत होतो, आणि तेही गाडीत बसून. मी त्यांना समजावलं की गाडी फक्त डाव्या वळणावर अडते, म्हणून डावीकडंच वळावं लागतं. म्हातारबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी सुलटी फिरली तर अडत न्हाई?"

"नाही."

"आन् उलटी फिरली तर अडते?"

"हो."

ते ओट्याकडं वळले आणि मंडळींना म्हणाले, "ह्या गाडीला कळतंय बे. ह्या मास्तरला कळंना."

त्या दिवसापासून माझी गाडी गावात धार्मिक म्हणून प्रसिद्ध झाली. दोन बायकांनी जाता जाता तिच्या बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला. अंधश्रद्धेवर दरवर्षी शाळेत तासभर बोलणारा मी, त्या गाडीत स्टिअरिंग धरून बसलो होतो. तरी मी प्रयोग सोडला नाही. म्हातारबांशी तडजोड झाली ती अशी की जितक्या उलट्या चकरा मारायच्या तितक्या सुलट्या मारून त्या फेडायच्या. पेट्रोल दुप्पट जळायला लागलं, पण देव आणि विज्ञान दोघांचीही अडचण मिटली.

प्रयोग असा होता. गाडीत एकेकाला ड्रायव्हरच्या मागच्या कोपऱ्यात बसवायचं, उलट्या पाच चकरा मारायच्या, आणि गाडी थबकली की नाही ते लिहायचं. आधी मी एकटा. नाही थबकली. मग बायको. नाही. मग वहिनी, ज्या वजनानं आमच्या घरात पहिल्या. नाही. मग भाऊ. नाही. मग आत्या. थबकली, पाचही वेळा. मी आत्याला उतरवलं, पुन्हा बायकोला बसवलं. नाही थबकली. पुन्हा आत्या. पाचही वेळा. वहीतल्या तक्त्यात आत्यासमोर दहा फुल्या झाल्या आणि बाकी सगळ्यांसमोर शून्य.

इतका स्वच्छ निकाल मी शाळेच्या प्रयोगशाळेत कधी पाहिला नव्हता. आणि हे कबूल करायला आज लाज वाटते, पण मला आनंद झाला. मी वही वर धरून बायकोला हाक मारली आणि म्हणालो, "सापडलं! आत्यामुळंच होतंय!"

हे वाक्य मी पटांगणात, ओट्यावरच्या मंडळींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो होतो. वहिनी तिथंच उभ्या होत्या. आत्या गाडीत होती, काच खाली होती.

वहिनी वाईट नाहीत. हे मी आजही म्हणतो. पण आठच दिवसांवर त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं, परळीकडं, मुलाच्या गावी. नवरीला माझ्याच गाडीतून न्यायचं ठरलं होतं. मुलीच्या लग्नात आईला कशाचंही भय वाटतं. हळदीच्या दिवशी कावळा ओरडला तरी ती मीठमोहऱ्या ओवाळायला धावते. आणि इथं तर खुद्द विज्ञानाच्या मास्तरानं वहीत लिहून दिलं होतं.

"भावजी, म्या कधी तोंडानं काढलं न्हाई," त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या. "लोक त्येंना पांढऱ्या पायाच्या म्हनायचे, तवा बी म्या गप बसले. पर आता तुमीच लिवलंय की."

"वहिनी, त्याचा अर्थ तसा नाही."

"मंग कसा हाय?"

दहा फुल्या आणि पाच-पाच शून्यं, एवढंच माझ्याकडं होतं. जे गावानं चाळीस वर्षं नुसतं कुजबुजत काढलं, ते मी आकडेवारीनिशी सिद्ध करून दाखवलं होतं. मी वही फाडून चुलीत टाकावी असं बायको म्हणाली. मी म्हटलं, वही फाडून काय होणार, चकरा तर सगळ्यांनी पाहिल्या. ती म्हणाली, "मग निदान तुम्ही तरी काही दिवस सापडलं सापडलं करून ओरडू नका."

त्या रात्री जेवताना आत्यानं स्वतःच विषय काढला. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "लग्नाला समदे गेल्यावर मेंढरं कोन बघल? म्या थांबते घरी. मपलं काय काम हाय तिथं." तिनं त्या मुलीला पाळण्यापासून खेळवलं होतं. गेला महिनाभर ती लग्नात नेसायचं लुगडं रोज एकदा पेटीतून काढून पुन्हा ठेवत होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तू चलायचंच, एवढंही मी म्हणालो नाही, कारण बोलायला कारण हवं होतं आणि कारण सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी उठून बघतो तर आत्या अंगणात गाडीपाशी उभी. मागचं दार उघडलेलं, आणि ती तळहातानं सीट दाबून बघत होती. मेंढरू आजारी पडलं की ती त्याच्या पाठीवरून, बरगड्यांवरून असाच हात फिरवते.

"तुजी गाडी सरळ जाताना अडत न्हाई ना?"

"नाही."

"निस्ती वळताना."

"हो. डावीकडं."

"आन् म्या इथं बसल्यावर."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "आरं, तसं न्हाई म्हनत म्या. आपन घोड्यावर बिऱ्हाड लादून रानोरान हिंडायचो, तवा तू ल्हान व्हतास. सरळ वाटेनं घोडं गुमान चालायचं. वळन आलं की थांबायचं, मान झटकायचं. तुजा बाप त्याला हानायचा. म्या म्हनले, हानू नगो, आदी वझं उतर. उतरवलं तर खाली दोरीची गाठ. सरळ चालताना ती गाठ नीट बसायची. वळनावर वझं सरकलं की गाठ पाठीत रुतायची. घोड्याचं काय चुकलं त्यात? आन् वझ्याचं बी काय चुकलं?"

मी विज्ञानाचा शिक्षक. वळणावर गाडीतली माणसं बाहेरच्या बाजूला का कलतात हे मी दरवर्षी नववीला शिकवतो, बादली फिरवून दाखवतो. आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मी कोण बसलं ते लिहिलं होतं. कसं बसलं ते लिहिलंच नव्हतं. आत्या कुठंही बसली तरी मांडी घालून बसते. एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, माझ्या गाडीत. बाकी आम्ही सगळे पाय खाली सोडून बसतो, अर्धं वजन पायांवर. तिचं सगळं वजन सीटच्या त्या एका कोपऱ्यावर, आणि डाव्या वळणाला ते उजवीकडं सरकायचं.

"तुजा वहीवर लई इस्वास हाय ना," आत्या म्हणाली. "मंग माज्या जागी पोतं ठेव. माज्या वजनाचं. आन् फिरीव."

आम्ही ज्वारीचं पोतं आणलं. आत्या धान्याच्या काट्यावर उभी राहिली, मग पोतं त्यावर ठेवलं, आणि चार-दोन ओंजळी काढून वजन जुळवलं. पोतं तिच्या कोपऱ्यात ठेवलं आणि मी पटांगणात गेलो. ओट्यावरची मंडळी हजर होतीच. त्या आठवड्यात त्यांना दुसरी करमणूक नव्हती. पहिल्याच उलट्या चकरेला गाडी थबकली. दुसऱ्या चकरेलाही. मी खिडकीतून ओरडलो, "बघा! आत्या नाही गाडीत! पोतं आहे!"

म्हातारबांनी विचार केला. "ज्वारी कुनी निवडली?"

ज्वारी आत्यानं निवडली होती. घरातली सगळी ज्वारी आत्याच निवडते.

"मंग?" म्हातारबा म्हणाले, आणि ओट्यावर सगळ्यांनी माना हलवल्या.

माझ्या डोक्यात सणक गेली. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता, इथं पुरावाच लागणार होता. शेजारच्या घराचं बांधकाम चालू होतं. तिथून मी सिमेंटचं पोतं उचलून आणलं. आत्यापेक्षा ते थोडं जड भरलं, पण चालण्यासारखं होतं. सिमेंट कुणी निवडलेलं नव्हतं, पाखडलेलं नव्हतं, आमच्या घराशी त्याचा काही संबंध नव्हता. पोतं कोपऱ्यात, चकरा सुरू. गाडी थबकली. पुन्हा थबकली. मी म्हातारबांसमोर गाडी उभी केली आणि हात जोडले. "आता बोला. हे सिमेंट विधवा आहे का?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. पण म्हातारबा हसले. मग सगळा ओटा हसला. आत्या पटांगणाच्या कडेला उभी होती, ती सगळ्यांत जास्त हसली, पदर तोंडाला लावून. तिला इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मागची सीट तिथंच, सगळ्यांसमोर उचलली. खाली एक गोल झाकण होतं, त्यातून वायरींचा एक जुडगा बाहेर आलेला. आणि त्या जुडग्याला, व्यवस्थित दोन वेढे देऊन, वर गाठ मारून, एक सुतळी बांधलेली होती. सुतळीचं दुसरं टोक सीटच्या कव्हराला. कव्हर उजवीकडं सरकलं की सुतळी ताणणार, सुतळी ताणली की वायर ओढली जाणार. मी मेकॅनिकला फोन लावून वर्णन सांगितलं.

"आरं देवा! सर, ती पंपाची वायर हाय. टाकीतलं पेट्रोल पंप वर ढकलतो ना, त्येची. ती वढली की पंपाचा करंट तुटतो, मंग इंजिनाला पेट्रोल कुठून मिळंल? कुन्या येड्यानं बांधली तिथं सुतळी?"

गाठ मी ओळखली. दिवाळीला सीटचं कव्हर धुतलं होतं. पुन्हा बसवताना ते सारखं सुटत होतं, म्हणून मी हात खाली घालून, जे हाताला लागलं त्याला ते बांधून टाकलं होतं. दुहेरी गाठ. आमच्यात मेंढराला बांधतात ती, लहानपणी आत्यानंच शिकवलेली. ही गाठ आपोआप सुटत नाही.

"कुणीतरी बांधलीय खरी," मी फोनवर म्हटलं. बायकोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

सुतळी कापली, वायर नीट बसवली, आत्याला तिच्या कोपऱ्यात मांडी घालून बसवलं आणि सलग अकरा उलट्या चकरा मारल्या. गाडी एकदाही थबकली नाही. ओट्यावरच्या मंडळींची निराशा झालेली स्पष्ट दिसत होती. म्हातारबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि हळहळत म्हणाले, "चांगली व्हती. बिघडवली मास्तरनं."

वहिनींना मी सगळं समजावलं. सुतळी दाखवली, वायर दाखवली, पोत्यांचे निकाल दाखवले. त्यांनी ऐकलं. मान हलवली. मग म्हणाल्या, "भावजी, मशीन नीट झालं, लई चांगलं झालं. पर आत्या मागच्या जीपमदी बसतील, वऱ्हाडासंगं. कशाला उगं?" माझा सगळा पुरावा त्या दोन शब्दांपाशी येऊन थांबला. मी चिडलो, आवाज चढवला, भाऊ मध्ये पडला. शेवटी लग्नाच्या आदल्या दिवशी निकाल नवरीनंच लावला. ती हातावरची मेंदी वाळवत बसली होती, तिथूनच म्हणाली, "आजी काकाच्या गाडीत. न्हाईतर मी बी जीपमदी बसते."

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मागं वहिनी, मधे नवरी, पलीकडं माझी बायको. पुढं माझ्याशेजारी आत्या, ते लुगडं नेसून. पट्टा बांधावा लागतो म्हटल्यावर तिनं आधी मांडी घातली आणि मग पट्टा बांधून घेतला. वऱ्हाडाची जीप मागून येत होती. धरणाचं पाणी मागं पडलं आणि घाट सुरू झाला. मी मुद्दाम शाळेच्या गोष्टी सांगत होतो, पोरांनी परीक्षेत काय काय लिहिलं ते. नवरी हसत होती.

पहिलं डावं वळण आलं. मी ॲक्सिलरेटर दाबला, आणि ऐन वळणात गाडी ढिली पडली. क्षणभरच. मग पुढं सरकली.

मागं वहिनींच्या बांगड्या वाजल्या, त्यांनी मुलीचा हात धरला असावा. मला त्याच क्षणी कळलं होतं काय झालं ते. गाडीला काहीही झालं नव्हतं. वळण दिसलं, शेजारी आत्या बसलेली, आणि माझा पाय आपणहून वर आला होता. मी पाय उचलला होता. सुतळी कापणारा, पोती फिरवणारा, अकरा चकरा मोजणारा मी. माझ्या पायानं त्यातलं काहीच मानलं नव्हतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मागं तिघी होत्या, त्यात नवरी. मी विज्ञानाचा मास्तर. मी मनात म्हटलं, पुढच्या वळणाला नीट दाबतो, म्हणजे हे आपोआप विसरलं जाईल.

पुढचं डावं वळण आलं आणि पाय पुन्हा वर आला. मागून ट्रकनं हॉर्न दिला.

"थांबवा गाडी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "भावजी, तुमच्या पाया पडते, थांबवा. आज एक दिवस. माज्या लेकीचा दिवस हाय."

मी गाडी कडेला घेतली. कुणी काही म्हणायच्या आतच आत्यानं पट्टा सोडायला सुरुवात केली. तो तिला सुटत नव्हता. ती शांतपणे म्हणाली, "म्या उतरते. मागून जीप येतीया, तिच्यात बसते. तुमी व्हा पुढं, येळ करू नगा." पट्टा सुटला. तिनं दार उघडून एक पाय खाली टाकला. नवरी आजी, आजी म्हणत होती. आत्यानं मागं वळून तिच्याकडं पाहून हसल्यासारखं केलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

"मी पाय उचलला," मी म्हटलं.

कुणाला कळलं नाही. मी पुन्हा, मोठ्यानं म्हटलं, "गाडी नाही थांबली. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. दोन्ही वेळा. मला भीती वाटली."

मग वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "तुमी त्येंच्यासाठी म्हनायलाव. मला कळतंय की."

"न्हाई गं," आत्या म्हणाली. ती तशीच होती, एक पाय रस्त्यावर, एक गाडीत. "खरंच बोलायलाय त्यो. म्या बघितलं. शेजारीच बसले हाय की. दोन्ही बारीला पाय उचलला त्यानं."

"मग तू बोलली का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज नको तितका चढला होता. "उतरायला निघालीस. बोलायचं नाही का?"

"तू बोलतूस का, ते बघत व्हते."

तिनं रस्त्यावरचा पाय आत घेतला, मांडी घातली, लुगड्याचा काठ दारात अडकू नये म्हणून आत ओढला.

"पयल्या वळनाला न्हाई बोललास," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.